नवख्यांची पहिली रात्र अमावास्येची नको

प्रति,
कार्यकारिणी व ज्येष्ठ सभासद,
आपले आकाशनिरीक्षण मंडळ, सातारा

विषय : नव्याने येणाऱ्यांसाठी शुद्ध अष्टमीच्या सुमारास शहरातच स्वतंत्र निरीक्षण ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की आपल्या मंडळाकडे चौकशीचे फोन सुरू होतात. कोणाच्या मुलीला शाळेतल्या एखाद्या बाईंनी आकाशाचे वेड लावलेले असते, कोणी नोकरीतून निवृत्त होऊन गावी परतलेले असते, तर कोणाच्या मनात चांद्रयान-३ उतरले त्या २०२३ च्या ऑगस्टपासून हा विषय घोळत असतो. या सर्वांना आपण वर्षानुवर्षे एकच उत्तर देत आलो आहोत : येत्या अमावास्येच्या शनिवारी कासच्या बाजूला जाणार आहोत, गरम कपडे घेऊन या. असे सांगण्यामागचा हेतू चांगलाच असतो, कारण आपल्याला जे सर्वांत प्रिय आहे तेच आपण पाहुण्यापुढे ठेवत असतो. तरीही माझे स्पष्ट मत आहे की नवख्या माणसाला आकाशाची पहिली ओळख करून देण्यासाठी अमावास्येइतकी गैरसोयीची रात्र दुसरी नाही, आणि एकदा आलेले बरेच जण पुन्हा फिरकत नाहीत याचे मोठे कारण हेच आहे. वार्षिक सभेत या विषयावर चर्चा व्हावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते खुले अशासाठी ठेवले की, जे एकदा येऊन गेले आणि पुन्हा आले नाहीत, त्यांच्याही ते वाचनात यावे आणि त्यांना काही सांगायचे असल्यास त्यांनी ते सभेपूर्वी सांगावे.

अमावास्येच्या रात्री प्रत्यक्षात काय घडते ते आपण सर्वांनीच पाहिले आहे. गाड्या यवतेश्वरचा घाट चढून पुढे जातात, उतरताच दिवे बंद करायला सांगितले जाते, आणि नवखा माणूस अनोळखी जागी, अनोळखी लोकांत, आपला पाय कुठे पडतो आहे हेही न दिसणाऱ्या काळोखात उभा राहतो. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि क्षणभराच्या पांढऱ्या उजेडाने ती सगळी मोडते, हे आपल्याला ठाऊक असते. त्याला ते कोणी सांगितलेले नसते. साहजिकच तो खिशातून मोबाइल काढतो, आणि चारी बाजूंनी "लाइट! लाइट बंद करा!" असा गलका होतो. मंडळाशी झालेला त्याचा हा पहिला संवाद. लाल कागद लावलेली विजेरी आणा, एवढे एक वाक्य निरोपात आधी घातले असते तरी हा प्रसंग टळला असता.

पुढे ज्येष्ठ मंडळी आपापल्या कामाला लागतात, आणि त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. काळोखी रात्र महिन्यातून एकदा मिळते, तीही धुक्याने आणि ढगांनी सोडली तर. कोणाला कॅमेऱ्याचे गाइडिंग, म्हणजे ताऱ्यामागोमाग दुर्बीण अचूक फिरवत ठेवणे, जुळवायचे असते, कोणी गेल्या मोसमात हुकलेली दीर्घिका या खेपेस टिपायचीच असे ठरवून आलेले असते. मार्चअखेरची मेसिए मॅरेथॉन असेल तर विचारूच नये. सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत मेसिएच्या यादीतील दीर्घिका, तारकागुच्छ असे शंभरावर पदार्थ शोधायला निघालेल्या माणसाला "काका, यातला मंगळ कुठला?" असे दर दहा मिनिटांनी विचारणारा मुलगा नकोसा वाटला, तर त्यात ना मुलाचा दोष ना काकांचा. दोघांना एकाच रात्री एकत्र आणणारे वेळापत्रक चुकीचे आहे.

शिवाय त्या रात्री आपण दाखवतो तरी काय? देवयानी (अँड्रोमेडा) तारकासमूहातील दीर्घिका दाखवतो आणि अभिमानाने सांगतो की हा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हबल आणि जेम्स वेब दुर्बिणींची रंगीत चित्रे असतात, आणि आयपीसमध्ये, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगात, त्याला दिसतो तो एक राखाडी, कडा नसलेला पुसट डाग. मंद प्रकाशात डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहीत आणि कॅमेरा मात्र तासन्‌तास प्रकाश साठवत बसतो, म्हणून हा फरक पडतो. तिरक्या नजरेने पाहायची सवय झाली की त्याच डागाचा विस्तार वाढतो, त्यात उजेडाचे चढउतार दिसू लागतात, आणि मग तो डाग जन्मभर पुरतो. पण ही नजर तयार व्हायला काही महिने जावे लागतात. पहिल्याच रात्री ती गृहीत धरणे म्हणजे गाणे शिकायला आलेल्याला सरगम येण्याआधी विलंबित ख्यालाच्या मैफलीत बसवण्यासारखे आहे.

आता दुर्बिणीपाशी लागणारी रांग जरा जवळून पाहू. आठ इंची डॉब्सोनियनचे, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीचे, नाभीय अंतर साधारण १२०० मिलिमीटर असते. तिला १० मिलिमीटरचा आयपीस लावला की १२० पट वर्धन मिळते, आणि साध्या आयपीसमधून त्या वेळी अर्ध्या अंशाहूनही कमी आकाश दिसते. आकाश तासाला १५ अंश, म्हणजे दोन मिनिटांत अर्धा अंश सरकते. या डॉब्सोनियनला मोटर नसते, म्हणून बरोबर मध्यावर आणून ठेवलेला शनी मिनिटभराच्या आत कडेबाहेर जातो. रांगेतला पहिला माणूस "अरे वा!" म्हणतो. दुसऱ्याला कडेला अर्धवट काहीतरी दिसते. तिसऱ्या बाई वाकताना आधारासाठी नळीवर हात ठेवतात, नळी सरकते, "हात लावू नका" असे कोणीतरी म्हणते, आणि त्या घाईने डोळा आयपीसला इतका चिकटवतात की त्यांना फक्त स्वतःच्या पापण्या दिसतात. मागे दहा माणसे थंडीत उभी आहेत याचे त्यांना भान असते. "दिसला का?" या प्रश्नावर "हो, दिसला" असे म्हणून त्या बाजूला होतात. त्यांच्यानंतरच्या दोघातिघांनी काळोखच पाहिलेला असतो आणि तेही तेच उत्तर देतात, कारण आपल्यालाच दिसले नाही हे चारचौघांत कबूल करणे अवघड असते.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. सुरुवात कमी वर्धनाने, म्हणजे २५ मिलिमीटरच्या आयपीसने करावी. त्याने ४८ पट वर्धन मिळते, दृष्टिक्षेत्र मोठे राहते आणि शनीची कडी त्यातही ओळखू येतात. जवळ एक स्टूल ठेवावे, म्हणजे कमरेत वाकून तोल सांभाळावा लागत नाही. डोळा भिंगापासून बोटभर दूर ठेवायचा, दुसरा डोळा घट्ट मिटायचा नाही, चष्मा केवळ नंबरचा असेल, सिलिंडरचा नसेल, तर काढून फोकस स्वतः फिरवायचा, हे प्रत्येकाला रांगेत असतानाच सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुर्बिणीला हात लावू द्यावा. निसटलेला ग्रह नळी हलकेच ढकलून पुन्हा मध्यावर आणायचा, ही कृती मी नवख्याचा पहिला धडा मानतो. डॉब्सोनियनची बैठक त्यासाठीच इतकी साधी असते. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने शनी परत आणला तो रांग संपल्यावरही दुर्बिणीजवळच घुटमळत राहतो, हे माझे निरीक्षण आहे, आणि पुढच्या वर्षीचा कार्यकर्ता बहुधा त्या घुटमळणाऱ्यांतूनच निघतो.

अर्थात हे सर्व घडायचे तर रात्र घाईची नसावी. म्हणूनच माझी मुख्य मागणी अशी आहे की नव्याने येणाऱ्यांना पहिल्यांदा शुद्ध सप्तमी ते दशमी या तिथींपैकी एखाद्या संध्याकाळी, सातारा शहरातल्याच एखाद्या शाळेच्या मैदानावर बोलवावे. अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला डोक्याजवळ असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सात ते नऊ हा वेळ सर्वांना सोयीचा पडतो. चंद्राला आणि ग्रहांना शहराच्या उजेडाचा काही त्रास नाही, मग त्यांच्यासाठी पंचवीस किलोमीटर घाट चढण्याचे कारण काय? अष्टमीला चंद्रावर उजेड आणि अंधार यांची सीमारेषा अगदी मधोमध असते, आणि तिच्यालगत सूर्य नुकताच उगवलेला असल्यामुळे विवरांच्या कडांच्या सावल्या लांबच लांब पडतात. टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल ही एकाखाली एक असलेली तीन विवरे त्या दिवशी अशी उठून दिसतात की दहा वर्षांच्या मुलालाही बोट धरून दाखवावी लागत नाहीत. त्यांतल्या एकट्या टॉलेमियसचा व्यास दीडशे किलोमीटर आहे, म्हणजे साताऱ्याहून निघून पुणे ओलांडल्यावरही आपण त्या विवरातच असू, असे सांगितले की माणूस डोळा पुन्हा आयपीसकडे नेतो. "दिसला" असे खोटे म्हणायची वेळ चंद्र कोणावर आणत नाही.

येथे कोजागरीचाही उल्लेख करतो, कारण आपल्या जाहीर कार्यक्रमांसाठी ती तिथी हटकून निवडली जाते. मसाला दूध उत्तम असते, गर्दीही जमते, पण दुर्बिणीतून पाहायला पौर्णिमेचा चंद्र हा महिन्यातला सर्वांत वाईट चंद्र. सूर्य समोरून पडल्याने सावल्या उरत नाहीत, सगळा पृष्ठभाग सपाट दिसतो, आणि अष्टमीच्या सुमारे दहापट उजेडाने डोळे दिपतात. दुधाचा कार्यक्रम जरूर चालू राहावा. दुर्बीण मात्र आठवडाभर आधी बाहेर काढावी.

दुसरी पायरी नुसत्या डोळ्यांची. वद्य पंचमीनंतर चंद्र उशिरा उगवू लागतो, तेव्हा त्या आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी दुर्बीण न नेता फक्त तारे ओळखण्याचा कार्यक्रम ठेवावा. हिवाळ्यात मृगाच्या पोटातले तीन तारे धरले की खाली व्याध, वर रोहिणी आणि तसेच पुढे कृत्तिका, ही एक रेघ पाठ झाली तरी आकाशाचा मोठा भाग हाती येतो. या बाबतीत बाहेरच्या पुस्तकांवर विसंबून चालणार नाही, हे नवख्यांना आवर्जून सांगायला हवे. युरोपात लिहिलेली पुस्तके सांगतात की सप्तर्षी कधी मावळत नाहीत. आपण १७.७ अक्षांशावर आहोत, ध्रुव तारा आपल्याकडे क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या जेमतेम दोन मुठींइतका वर असतो, आणि सप्तर्षी चक्क मावळतात. डिसेंबरच्या संध्याकाळी पुस्तकाप्रमाणे सप्तर्षी शोधणारा मुलगा ते न सापडल्याने स्वतःलाच दोष देतो. त्याला त्या वेळी शर्मिष्ठा या M आकाराच्या तारकासमूहावरून उत्तर दिशा काढायला शिकवले पाहिजे.

याच्या बदल्यात दक्षिणेकडे आपल्याला जे मिळते ते लंडनकराला घरबसल्या कधीच मिळत नाही. अगस्त्य हा व्याधाखालोखाल सर्वांत तेजस्वी तारा फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास आपल्या दक्षिणेला वीस अंशांच्या जरा खाली असतो. गंमत अशी की अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला बिलगलेल्या पेठांतून नेमका किल्लाच त्याच्या आड येतो, आणि थोडे उत्तरेकडे सरकले की तो किल्ल्याच्या माथ्यावर दिसू लागतो. आपल्या घरातून अगस्त्य दिसतो की किल्ला आड येतो, हे प्रत्येकाने पाहून यावे, असा गृहपाठ नव्या सभासदांना देता येईल. मेच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री दहाच्या सुमारास त्रिशंकू हा क्रुसाच्या आकाराचा तारकासमूहही दक्षिण क्षितिजालगत उभा असतो. त्यासाठी मात्र ठोसेघर-चाळकेवाडीच्या पठारासारखी मोकळी दक्षिण बाजू लागते, आणि अशी सहल हा पहिल्या काही महिन्यांनंतरचा उत्तम टप्पा ठरेल. अमावास्येची कासकडची रात्र त्याच्याही पुढे, जेव्हा माणूस काळोखात कशासाठी जायचे हे समजून येईल तेव्हा. पठारावर वनखात्याची बंधने आहेत, २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर त्यालाही जागतिक वारशाचे स्थान आहे, आणि तेथे कुठे थांबायचे, कुठे तिपाई रोवायची नाही, हेदेखील निघण्यापूर्वीच सांगायला हवे.

दुर्बीण खरेदीच्या सल्ल्याबद्दल मंडळाने एकमुखाने बोलावे, अशी माझी दुसरी विनंती आहे. आज नवख्याने "कोणती घेऊ?" असे विचारले की चार ज्येष्ठांकडून पाच उत्तरे मिळतात आणि तो गोंधळून ऑनलाइन जे समोर येईल ते मागवतो. ७० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या खोक्यावर पाचशे पटींचा दावा छापलेला असतो. प्रत्यक्षात व्यासाच्या मिलिमीटरच्या दुप्पट, म्हणजे १४० पट, ही तिची वरची मर्यादा असते आणि सोबत आलेल्या डुगडुगत्या तिपाईवर तेवढेही पेलत नाही. दोनचार रात्रींत खोके माळ्यावर जाते. यावर मंडळाचे ठरलेले उत्तर असे असावे की पहिला हिवाळा काही घेऊ नका, मंडळाच्या दुर्बिणीवर हात बसवा, आणि घ्यायचेच असेल तर १०×५० चे, म्हणजे दहा पट वर्धनाचे आणि ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांचे, चांगले बायनॉक्युलर घ्या. कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवून धरले तर त्यातून गुरूचे चार चंद्र दिसतात, कृत्तिकांचा पुंजका दुर्बिणीपेक्षा सुंदर दिसतो, मृगातला तेजोमेघ ओळखू येतो, आणि पुढे कितीही मोठी दुर्बीण घेतली तरी ते वाया जात नाही. मंडळाने अशी दोनतीन बायनॉक्युलर विकत घेऊन महिन्याभरासाठी घरी देण्याची सोय केली, तर नव्या कॅमेऱ्याच्या निधीला जो थोडा उशीर होईल तो सोसावा असे मला वाटते.

ज्यांनी आधीच दुर्बीण घेतलेली आहे त्यांना "ही कशाला घेतली" असे ऐकवून परत पाठवू नये. वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा पावसाळ्यापूर्वी, लोकांनी आपापल्या दुर्बिणी घेऊन यायचे असा दिवस ठेवावा. दिवसाउजेडी दूरच्या मोबाइल टॉवरच्या टोकावर फाइंडर, म्हणजे नळीवरची नेम धरायची छोटी दुर्बीण, जुळवून दिला तरी निम्म्या तक्रारी मिटतात. न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, असेल तर आरसे जुळवायला शिकवता येईल. ज्यांच्याकडे विषुववृत्तीय बैठक, म्हणजे अक्ष ध्रुवाकडे रोखून आकाशाबरोबर फिरणारी बैठक, आहे त्यांना ती आपल्या कमी अक्षांशासाठी किती खाली झुकते आणि तोलाचे वजन तिपाईला कुठे अडते हे दाखवता येईल. पावसाळ्यापूर्वीच्या भेटीत भिंगांवर बुरशी धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून डबे हवाबंद करण्याचे काम करून टाकावे. साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या हवेत हे न केल्याने चांगले आयपीस गमावलेले आपल्यापैकी कितीतरी जण आहेत.

त्याच दिवशी सूर्याविषयीही बोलले पाहिजे, आणि तेही धाक वाटेल इतक्या स्पष्टपणे. स्वस्त दुर्बिणींसोबत कधीकधी आयपीसला लावायची काळी काच येते. ती उष्णतेने तडकू शकते आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. अशी काच सापडली तर तेथेच फोडून टाकावी. सूर्यासाठीचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच हवा, आणि फाइंडरही झाकलेला हवा. २ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण आपल्याकडे खंडग्रास दिसणार आहे. ऐन पावसाळा असल्याने ढगांचीच शक्यता अधिक, तरी शाळांकडून विचारणा होईलच, आणि तोवर चारदोन नवे सभासद ही दक्षता समजावून सांगण्याइतके तयार झालेले असावेत.

ग्रहणाचा विषय निघाला की ज्योतिषाचा निघतोच. रास, साडेसाती, मंगळ याविषयी विचारणाऱ्या माणसाला आपल्याकडे कधीकधी हसून वाटेला लावले जाते. अंधश्रद्धेविरुद्धचे काम डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या गावातून उभे केले त्या गावच्या मंडळाने भूमिका सौम्य करावी असे मी म्हणणार नाही. फलज्योतिषाला निरीक्षणाचा आधार नाही, हे विचारल्यावर सांगितलेच पाहिजे. पण त्या माणसाला घरच्या दिनदर्शिकेवरची तिथी वाचता येते, आणि हे त्याचे भांडवल आहे. तिथीवरून चंद्र कधी मावळेल, काळोख किती वाजता मिळेल याचा अंदाज बांधता येतो, मार्गशीर्षात संध्याकाळी पूर्वेला मृगशीर्ष आणि माघात मघा उगवताना का दिसते याचा उलगडा होतो. पंचांग कळणारा माणूस आपल्या कामाला कित्येक शिकलेल्यांपेक्षा लवकर लागतो. त्याला दारातून परतवण्यात आपलेच नुकसान आहे.

कोण येऊ शकते आणि कोण नाही, याचाही विचार आपण फारसा केलेला नाही. रात्री अकराला घाटमाथ्यावर, मोबाइलला रेंज नाही, परतायची वेळ ठरलेली नाही, स्वच्छतागृह नाही, अशा ठिकाणी कॉलेजातल्या मुलीला कोणते पालक पाठवतील? शहरातील मैदानावर नऊ वाजता संपणाऱ्या कार्यक्रमाला त्याच मुली आईला घेऊन येतील, आणि आईही पाहील. पुढच्या सहलींसाठी निघण्याची व परतण्याची वेळ, सोबत असणाऱ्या महिला सभासदाचे नाव आणि गाड्यांची व्यवस्था आदल्या दिवशी लेखी कळवण्याचा नियम असावा.

तसेच आपण सगळे पश्चिमेकडे तोंड करून बसलो आहोत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि याच जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. दहिवडी, म्हसवड, वडूज या बाजूला ढगांचा उपद्रव कमी, धुके कमी आणि मोसम लांब. त्या बाजूच्या मुलामुलींना मात्र आपण साताऱ्याला या म्हणतो, आणि शेवटची एसटी कितीला आहे हे विचारत नाही. मोसमात निदान दोन कार्यक्रम माण-खटावमधील शाळांच्या मैदानांवर घ्यावेत. तेथील काळोख पाहून आपल्यापैकी काहींना कासचा रस्ता कमी आठवेल, असा माझा कयास आहे.

शेवटी कामाविषयी, कारण नुसते पाहायला येणारा माणूस फार काळ टिकत नाही. तिसऱ्याचौथ्या भेटीत त्याच्याकडे काहीतरी सोपवावे. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुनेतील उल्कावर्षाव असतो. चार दिशांना चौघे जण चटईवर पडून राहिले आणि पाचव्याने वेळ व संख्या लिहिली, तर त्यात अनुभवी आणि नवखा असा भेद उरत नाही. ययाती तारकासमूहातील अल्गॉल हा तारा दर २ दिवस, २० तास आणि ४९ मिनिटांनी मंदावतो, २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतो (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), आणि शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून हा बदल नुसत्या डोळ्यांनी गच्चीवरून नोंदवता येतो. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृगातील काक्षी, म्हणजेच बीटलज्यूज, असाच डोळ्यांना जाणवेल इतका मंदावला होता, आणि तेव्हा जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी कामी आल्या. अशा नोंदी गोळा करणारी अमेरिकेतील एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून हौशी लोकांच्याच बळावर चालली आहे. आपल्याकडे पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने १९४४ पासून हौशी निरीक्षणाची परंपरा टिकवली आहे. नव्या सभासदांना एकदा तेथे आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी आयुका ही पुण्याची खगोलसंस्था किंवा खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला नेले, तर आपण करतो आहोत ते एकट्या साताऱ्याचे खूळ नाही हे त्यांच्या लक्षात येईल.

एक सूचना सध्यापुरती. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये पृथ्वीच्या दृष्टीने जवळजवळ कडेवर आली होती आणि आता ती हळूहळू उघडत आहेत. चित्रातली रुंद कडी दिसायला अजून काही वर्षे जातील. हे पाहणाऱ्याला आधी सांगावे, म्हणजे त्याची निराशा होणार नाही, आणि दर वर्षी येऊन फरक पाहण्याचे कारणही त्याला मिळेल.

यावर आक्षेप येईल की माणसे कोठून आणायची. सगळे नोकरीधंद्याचे, त्यात महिन्याला आणखी एक संध्याकाळ कोण देणार? आक्षेप खरा आहे. परंतु ज्यांना काळोखाची एकांत रात्र हवी आहे त्यांना ती नवख्यांच्या प्रश्नांशिवाय मिळेल, हा त्यांचाही फायदा आहे, आणि त्या बदल्यात मोसमात दोन अष्टम्या प्रत्येक ज्येष्ठाने द्याव्यात, एवढीच अपेक्षा आहे. बारा ज्येष्ठ सभासद आळीपाळीने आले तरी ऑक्टोबर ते मेपर्यंतच्या प्रत्येक अष्टमीला तिघे जण उभे राहतात, आणि दुर्बिणी दोन, माणसे वीस अशा कार्यक्रमाला तिघे पुरतात.

तेव्हा वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत पुढील ठराव घ्यावा अशी विनंती आहे : मोसमातील प्रत्येक शुद्ध अष्टमीच्या जवळच्या शनिवारी शहरात नवागतांचा कार्यक्रम ठेवावा, किमान एक अष्टमी झाल्याशिवाय कोणालाही अमावास्येच्या सहलीला नेऊ नये, पहिल्या दोन भेटींत सभासद वर्गणीचा विषय काढू नये, आणि १०×५० ची तीन बायनॉक्युलर या वर्षीच्या खर्चात धरावीत. मैदानाच्या परवानगीसाठी शाळेशी बोलणे, स्टुले आणणे आणि पहिल्या अष्टमीला शेवटपर्यंत थांबणे ही कामे मी माझ्याकडे घेतो. मंडळाची आठ इंची दुर्बीण त्या दिवशी दुपारपर्यंत मिळावी, म्हणजे फाइंडर उजेडातच जुळवून ठेवता येईल.

आपला,
मंडळाचा एक सभासद
सातारा